परीक्षापीठ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या तळकोकणात चावदिसाला पहाटे कारीट फोडून झाले, की एकमेकांच्या घरी पोहे खायला जायचे असते. मीही रीतीप्रमाणे शेजारच्या घरी गेलो. त्या घरची थोरली मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. त्या वर्षी ती बी. ए. झाली होती. आईने गोडे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे असे सारे प्रकार पुढे मांडले, आणि पोह्यांच्या मागोमाग लेकीची गुणपत्रिका आणून माझ्या हातात दिली. वर मुंबई विद्यापीठाचे नाव होते. त्या नावावरून बोट फिरवीत तिने मला विचारले,

“गुरुजी, ह्या विद्यापीठ पोरांका शिकवता काय?”

“नाय वहिनी, शिकवता ता कॉलेज.”

“मगे विद्यापीठ काय करता?”

“परीक्षा घेता. पास-नापास ठरवता.”

“इतक्याच?”

मी बशी खाली ठेवली. चौथी शिकलेल्या त्या बाईने एका शब्दात जे विचारले, त्याचे उत्तर देणे मला साधले नाही. “तसा नाय, संशोधनय करता,” असे काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर तिने “कसला?” असे विचारले नाही, हे तिचे उपकार. विचारले असते, तर गुरुजींची त्या दिवाळीत चांगलीच फटफजिती झाली असती.

त्या एका शब्दाने मला वर्षभर छळले. म्हणून हा लेख.

प्रथमच एक कबुली देऊन टाकतो. मी पदवीधर नाही. दहावीपुढे माझे शिक्षण गेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, पोरे शिकवली, पण विद्यापीठाच्या परीक्षेला कधी बसलो नाही आणि म्हणून तीत कधी नापासही झालो नाही. तेव्हा ‘द्राक्षे आंबट’ असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. मात्र विद्यापीठ चालते ते लोकांच्या पैशावर. त्या लोकांत मी आहे, माझी शेजारीण आहे आणि हा अंक उघडून बसलेले तुम्हीही आहात. ज्याला आपण पोसतो तो काय करतो, हे विचारायला पदवी लागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुंबई विद्यापीठ जन्मले ते परीक्षा घेण्यासाठी. पुढे जेव्हा जेव्हा त्याने हे जन्माचे काम बाजूला सारून स्वतः शिकवले, स्वतः प्रश्न विचारले, तेव्हा तेव्हा ते मोठे झाले. आणि जेव्हा जेव्हा ते उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बुडाले, तेव्हा तेव्हा लहान झाले. आज ते पुरते बुडालेले आहे. त्याला बाहेर काढायचे असेल तर त्याच्या हातातला तो गठ्ठा काढून घेतला पाहिजे.

हे जन्माचे प्रकरण जरा नीट पाहण्यासारखे आहे. १८५४ साली विलायतेहून चार्ल्स वुडचा खलिता आला. त्यात हिंदुस्थानात विद्यापीठे स्थापावीत असे ठरले, आणि नमुना म्हणून पुढे ठेवले लंडन विद्यापीठ. ऑक्सफर्ड नव्हे, केंब्रिज नव्हे. कारण तिथे शिकवावे लागे, वसतिगृहे बांधावी लागत, अध्यापकांना पगार द्यावे लागत. लंडन विद्यापीठ त्या काळी नुसत्या परीक्षा घेई. कमी खर्चात जास्त पदवीधर, असा तो हिशेब होता. १८५७ साली, उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे कायद्याने जन्माला आली. मुंबईच्या कायद्याची तारीख १८ जुलै. त्या कायद्याच्या आरंभीच हेतू सांगितला आहे: वाङ्मय, शास्त्र व कला यांत कोणी प्रावीण्य मिळवले आहे हे परीक्षेच्या द्वारे पडताळावे आणि त्यांना पदव्या द्याव्यात. ज्ञान वाढवावे हा हेतू त्यात नाही. नवे काही शोधावे, हाही नाही. पडताळावे आणि शिक्का मारावा, एवढेच. माझ्या शेजारणीला मी जे उत्तर दिले, तेच दीडशे वर्षांपूर्वी सरकारने कायद्यात लिहून ठेवले होते.

यावर कोणी म्हणेल, की अहो, याच विद्यापीठाने रानडे दिले, भांडारकर दिले! खरे आहे. १८५९ साली पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आणि १८६२ साली जे पहिले चार बी. ए. झाले त्यांतही हे दोघे होते. या दोघांचा मला अभिमान आहे. पण त्यांना शिकवले ते एल्फिन्स्टनच्या अध्यापकांनी, आणि घडवले ते त्यांच्या स्वतःच्या बुद्धीने व तळमळीने. विद्यापीठाने त्यांच्यावर शिक्का मारला. सोन्यावर छाप मारणाऱ्याने सोने आपण केले असे म्हणू नये.

आणि त्या शिक्का मारणाऱ्याची दृष्टी कशी होती तेही सांगतो. पहिल्याच दशकात विद्यापीठाने आपल्या वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली. संस्कृत, लॅटिन या अभिजात भाषा तेवढ्या मोठ्या. आईची भाषा विद्येला अपुरी! ज्या रानड्यांना विद्यापीठाने पहिल्या चारांत पदवी दिली, त्या रानड्यांना आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याच विद्यापीठात मराठीला जागा मिळावी म्हणून भांडावे लागले. त्यांनी मराठी ग्रंथांची मोजदाद केली, तिच्या वाढीचा आढावा लिहिला, सभासदांची मने वळवली. १९०१ च्या जानेवारीत ते गेले. दारात उभ्या असलेल्या आईला आत घ्या, हे सांगायला आपल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थ्याचे आयुष्य खर्ची पडावे, ही त्या विद्यापीठाला शोभणारी गोष्ट नव्हती.

त्या काळी मॅट्रिकची परीक्षाही विद्यापीठच घेई. कराचीपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या इलाख्यातली मुले या एकाच परीक्षेला बसत. १८८७ साली राजकोटचा एक लाजाळू मुलगा सोबत कोणी नसताना प्रथमच अहमदाबादला गेला तो हीच परीक्षा द्यायला. नाव मोहनदास गांधी. परीक्षा झाली, तो पास झाला, गावी परतला. मुंबई विद्यापीठाशी त्याचा संबंध आला तो इतकाच. लाखो मुलांचा संबंध असाच, इतकाच आला आणि आजही इतकाच येतो.

याहून बोचणारे उदाहरण हवे असेल तर डॉ. आंबेडकरांचे घ्या. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले. जात ही काय वस्तू आहे, ती कशी उपजली, कशी पसरली, हा प्रश्न त्यांच्या हाडामांसात होता. तो प्रश्न शास्त्रीय रीतीने मांडण्याची सोय त्यांना कुठे मिळाली? न्यूयॉर्कला! कोलंबिया विद्यापीठातल्या एका अभ्यासवर्गात १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी जातीवरचा आपला निबंध वाचला. रुपयाचा प्रश्न लिहायला ते लंडनला गेले. जात इथली, रुपया इथला, सोसणारा माणूस इथला. आणि विचारायला जायचे सातासमुद्रापलीकडे. कारण इथल्या विद्यापीठाला उत्तरे तपासायची सवय होती, प्रश्न ऐकायची नव्हती.

मुंबईला फोर्टात जाल तेव्हा राजाबाई मनोरा जरूर पाहा. मुलांनाही दाखवा. कापसाच्या व्यापारात गब्बर झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी १८६४ साली दोन लाख रुपये ग्रंथालयासाठी आणि दोन लाख मनोऱ्यासाठी दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे एवढे मागितले. आराखडा गिल्बर्ट स्कॉट या विलायती स्थापत्यकाराचा. तो मुंबईला कधी आलाही नाही. १८७८ साली मनोरा पुरा झाला. उंची सुमारे २८० फूट. २०१८ साली तिथल्या साऱ्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तेव्हा मनोऱ्याविषयी माझी तक्रार नाही. पण खाली ग्रंथालय आणि वर घड्याळ असे ते बांधकाम आहे, आणि आम्ही दीड शतक नुसते वरच पाहत राहिलो. घंटा झाली, पेपर आला, घंटा झाली, पेपर गेला. खाली पुस्तके होती हे आमच्या ध्यानातच राहिले नाही.

गंमत अशी, की ज्या लंडनचा कित्ता आपण गिरवला, त्या लंडनने तो फाडून टाकला. नुसती परीक्षा घेणारे विद्यापीठ हे विद्यापीठच नव्हे, अशी तिथे ओरड झाली, १८९८ साली कायदा बदलला, आणि पुढे लंडन विद्यापीठ शिकवू लागले. इथेही १९०४ साली लॉर्ड कर्झनच्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याची वाट मोकळी झाली. कर्झनचा हेतू काळा होता हे खरे, त्याला आमच्या शिक्षितांवर अंकुश हवा होता. पण वाट मोकळी झाली हेही तितकेच खरे.

त्या वाटेने पुढे जे घडले ते ऐका. १९१९ साली पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश पंडिताला बोलावून मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग काढला. १९२४ साली त्याची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाती आली. घुर्ये आमच्या मालवणचे! त्यांनी काय केले? आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले, की बाबांनो, पुस्तके वाचा, पण आपल्या माणसांकडेही पाहा. त्यांची लग्ने कशी होतात, जाती कशा चालतात, देवळे कोणाची, शेते कोणाची, हे जाऊन विचारा. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या, मानववंशशास्त्राला जन्म देऊन राहिल्या आणि मराठीलाही ‘युगान्त’ देऊन गेल्या. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास शिकले, एम. ए. साठी लिहिलेल्या त्यांच्या प्रबंधाचे १९४२ साली पुस्तक झाले. अ. र. देसाई शिकले, राष्ट्रवादाची सामाजिक मुळे खणणारे त्यांचे पुस्तक १९४८ साली आले. हिंदुस्थानचे समाजशास्त्र म्हणून जे जगात ओळखले जाते, त्याचा मोठा वाटा मुंबई विद्यापीठाच्या एका विभागातल्या एका मालवणी माणसाच्या चिकाटीतून निघालेला आहे.

अर्थशास्त्रात तेच. देशाच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा गाजावाजा चालला असताना, १९५६ साली, चंदुलाल वकील आणि ब्रह्मानंद या मुंबईच्या दोन अध्यापकांनी ठणकावून सांगितले, की अवजड कारखान्यांच्या आधी कामगाराच्या पोटाला लागणाऱ्या मालाचा विचार करा. दिल्लीने ऐकले नाही, तो भाग वेगळा. पण विद्यापीठाने राज्यकर्त्याला प्रश्न विचारला, आणि तो पुस्तक लिहून, आकडे मांडून विचारला. विद्यापीठ असते ते यासाठी.

आणि रसायनतंत्र! १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. पुढे तो माटुंग्याला गेला. मुंबईच्या कापडगिरण्यांना रंग हवे होते, कारखान्यांना तेले, औषधे हवी होती. तिथल्या अध्यापकांनी ते प्रश्न प्रयोगशाळेत आणले. मनमोहन शर्मा तिथलेच, रघुनाथ माशेलकर तिथलेच. दोघेही लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. माशेलकरांची गोष्ट आम्ही शाळामास्तर वरचेवर सांगतो. गिरगावातल्या शाळेत भावे सरांनी भिंगातून ऊन एका बिंदूवर आणून कागद जाळून दाखवला आणि म्हणाले, की शक्ती एकवटली की काहीही साध्य होते. अनवाणी शाळेत जाणारा तो मुलगा ते विसरला नाही. शाळेने ठिणगी दिली, विद्यापीठाने इंधन दिले. असे जुळून आले म्हणजे देशाला शास्त्रज्ञ मिळतो.

इथवरचे वैभव वाचून तुमची छाती फुगली असेल तर आता पुढचे ऐका. माटुंग्याच्या त्या विभागाने २००८ साली मुंबई विद्यापीठाचा निरोप घेतला आणि तो अभिमत विद्यापीठ होऊन वेगळा झाला. ज्या एल्फिन्स्टनमध्ये रानडे-भांडारकर शिकले ते महाविद्यालय २०१९ साली नव्या होमी भाभा राज्य विद्यापीठात गेले. जे भले, जे कर्तबगार, ते घर सोडून चालले आहे. एकत्र कुटुंबात असे घडू लागले की शहाणी माणसे मुलांना दोष देत नाहीत. घरात काय बिघडले आहे ते पाहतात.

काय बिघडले आहे? गठ्ठा वाढला आहे. सिंध गेला, १९४९ पासून पुणे, गुजरात, कर्नाटक अशी भावंडे वेगळी झाली, १९८५ साली गोव्यानेही आपले विद्यापीठ काढले. तरी मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या साऱ्या कोकणपट्टीतली आठशेहून अधिक महाविद्यालये आज या एका विद्यापीठाला जोडलेली आहेत. कलिन्याला सुमारे २४३ एकरांची विद्यानगरी आहे, विभाग आहेत, अध्यापक आहेत. पण कुलगुरूंचा दिवस कशात जातो? वेळापत्रकात, निकालात, पुनर्मूल्यांकनात, मोर्च्यात आणि न्यायालयात.

२०१७ साल आठवते ना? ज्यांच्या घरी त्या वर्षी पदवीच्या शेवटच्या परीक्षेला बसलेले पोर होते, त्यांना मी आठवण करून द्यायला नको. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असे विद्यापीठाने ऐन वेळी ठरवले. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका! ४५ दिवसांत निकाल लावायचा असा कायदा. जून गेला, जुलै गेला. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही गेली. परदेशी विद्यापीठांतले प्रवेश हुकले, नोकऱ्या खोळंबल्या. बाहेरच्या विद्यापीठांतून तपासनीस मागवले. आणि कळस असा, की अध्यापकांना पेपर तपासायला वेळ मिळावा म्हणून काही दिवस महाविद्यालयांतली व्याख्यानेच बंद ठेवली! परीक्षेसाठी शिकवणे बंद! १८५७ च्या कायद्याचा एवढा चोख अर्थ तो लिहिणाऱ्यालाही लावता आला नसता. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. माणूस बदलला. गठ्ठा तिथेच राहिला.

बरे, शिकवायला तरी माणसे आहेत का? मंजूर असलेल्या अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. त्यांच्याऐवजी तासाच्या हिशेबाने माणसे आणतात. ‘तासिका तत्त्व’ असे त्याला भारदस्त नाव आहे. नेट-सेट झालेला, पीएच. डी. झालेला तिशी-पस्तिशीचा माणूस. त्याला तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या जूनमध्ये बोलावतील याची शाश्वती नाही. गवंड्याला रोजंदारी असते, पण भिंत पुरी होईस्तोवर तरी त्याला काम असते. अशा माणसाने घुर्यांसारखे पंचवीस-तीस वर्षे एका प्रश्नाच्या मागे लागावे, असे आपण कुठल्या तोंडाने म्हणायचे?

तुम्ही म्हणाल, संशोधन तर खूप चालते. निबंध छापले जातात, प्रबंध सादर होतात. होतात खरे. पण परीक्षेची चटक इतकी खोल गेली आहे, की आम्ही संशोधनाचीही परीक्षाच करून टाकली. २०१० साली अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीला गुण लावले. इतके निबंध, इतके गुण; इतकी चर्चासत्रे, इतके गुण. झाले! पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके भूछत्रांसारखी उगवली. मग २०१८ साली चांगल्या नियतकालिकांची सरकारी यादी आली. २०२५ साली ती यादीही मोडीत निघाली. या साऱ्यात कोणी एकाने तरी विचारले का, की बाबा रे, तुझा प्रश्न काय आहे? खुद्द विद्यापीठही परीक्षेला बसते. २०२१ साली मूल्यांकन परिषदेने त्याला ४ पैकी ३.६५ गुण आणि सर्वांत वरची श्रेणी दिली. अभिनंदन! अगदी मनापासून अभिनंदन! परीक्षा देण्यात आणि घेण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही.

आता माझ्यावरच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे येतो, कारण तो टाळणे लबाडीचे होईल. माझ्या शेजारणीच्या मुलीला ती पदवी मिळाली कशामुळे? आमच्या तालुक्याच्या लहानशा महाविद्यालयावर मुंबई विद्यापीठाचा शिक्का आहे म्हणून. तो शिक्का नसता तर तिच्या बी. ए. ला मुंबईत कोणी विचारले असते? फोर्टातल्या श्रीमंत महाविद्यालयाच्या मुलीला आणि आमच्या डोंगरातल्या मुलीला एकच प्रश्नपत्रिका, एकच गुणपत्रिका, हे लहान काम नव्हे. चुलीजवळच्या पोरीला या शिक्क्याने घराबाहेर काढले. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच २०२० च्या शैक्षणिक धोरणात जोडणीची पद्धत पंधरा वर्षांत मोडीत काढून प्रत्येक महाविद्यालयाने स्वतःची पदवी द्यावी असे जे म्हटले आहे, त्याने मला धडकीच भरते. ज्यांचे नाव आधीच मोठे त्यांचे साधेल. पण ज्याचे छप्पर पावसात गळते त्या महाविद्यालयाच्या पदवीला बाजारात काय भाव येईल? तेव्हा शिक्का नको असे मी म्हणत नाही. शिक्का हवा. तो मारायला विद्यापीठ कशाला हवे, एवढेच विचारतो.

आणि याला पुरावा मी माझ्या घरातलाच देतो. आमच्या आजोबांच्या वेळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठ घेई हे वर सांगितलेच. पुढे ती विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र परीक्षामंडळाकडे दिली. तेव्हा आभाळ कोसळले का? दहावीचा निकाल लागतो, मुले पुढे जातात. मंडळाच्या चुका होतात, त्यांवर आम्ही मास्तर ओरडतोही. पण दहावीच्या निकालासाठी कोणा समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला आपला ग्रंथ बाजूला ठेवावा लागत नाही. तसेच पदवीचे करा. कोकणपट्टीतल्या महाविद्यालयांसाठी एक भक्कम, स्वतंत्र परीक्षामंडळ काढा. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, एकच शिक्का ठेवा. त्यासाठी लागणारी माणसे, यंत्रे, पैसा त्याला द्या. आणि विद्यापीठाला सांगा, की आता तुझे हात मोकळे झाले; आता विचार.

काय विचारायचे? विषयांची वाण आहे का? कोकणातला माणूस दीडशे वर्षे मुंबईला जातो आहे. गिरण्यांत गेला, गोदीत गेला, १९८२ च्या संपानंतर त्याचे काय झाले? गावची घरे कुलूपबंद का? खाजणे खारी का होतात, मासा किनाऱ्यापासून दूर का गेला, खाणीच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीत काय उतरते, शिमग्यातल्या आणि दशावतारातल्या किती गोष्टी आता सांगणारा उरला नाही? विद्यापीठाचा रत्नागिरीला परिसर आहे. त्याने हे प्रश्न घेऊन वाडीवाडीत हिंडावे, आणि जे सापडेल ते मराठीत लिहून वाडीत परत आणून वाचून दाखवावे. रानड्यांचे ऋण असे फिटेल.

हे स्वप्नरंजन नाही. आमच्याच जिल्ह्यात ते घडले आहे. १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले. त्याच्या वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने निलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा काढला. मग कोयीचा नुसता पापुद्राच असलेला ‘सिंधू’ काढला. आणि काजूचे म्हणाल, तर ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ ही कलमे कोकणात ज्याच्या बागेत नाहीत असा काजूवाला शोधावा लागेल. माझ्या शेजारणीच्या परड्यातही सातची चार झाडे आहेत. त्या विद्यापीठाचेही दोष असतील. पण ते काय करते, हे तिने मला कधी विचारलेले नाही. तिला ते हंगामात गोळा करता येते.

आता यात आपले काय, असे फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या तुम्हा आईबापांना वाटेल. आपलेच तर आहे. विद्यापीठ परीक्षापीठ झाले याला सरकार जबाबदार आहे, अधिकारी जबाबदार आहेत. आणि आपणही आहोत. आपण पोराला कधी विचारतो का, की आज तू वर्गात कोणता प्रश्न विचारलास? आपण विचारतो, किती पडले? मीही विचारतो. मास्तर आहे, जीभ वळलेली आहे. त्या दिवशी गुणपत्रिका हातात येताच मी पहिली नजर टाकली ती आकड्यांवर. त्या मुलीने तीन वर्षांत काय वाचले, काय आवडले, काय खटकले, हे विचारायचे मला सुचले नाही. ती दाराशी उभी होती. मी विचारेन म्हणून वाट पाहत होती की काय, कोण जाणे!

यंदा चावदिसाला पुन्हा त्या घरी पोहे खायला जायचे आहे. पहिल्यांदा लेकीला विचारीन, की काय ग, तुझा प्रश्न कोणता? आणि आईने पुन्हा विचारले, “मगे विद्यापीठ काय करता?” तर या वेळी पुटपुटणार नाही. सरळ सांगेन, “वहिनी, आज ता परीक्षा घेता. पण ता मालवणच्या घुर्यांचा विद्यापीठ आसा. एकेकाळी ता इचारी. तेका परत इचारूक लावूक होया, आणि ता काम तुमचा-माझा आसा.”